पीएफएम ऐकायचंय? मग वाट अशी धरा

प्रेमियाता फोर्नेरिया मार्कोनी हा मिलानचा बँड जगभर पीएफएम या आद्याक्षरांनी ओळखला जातो. 1970 च्या सुमारास तो उभा राहिला आणि आजवर त्याच्या नावावर इतके अल्बम जमलेत की नवख्या श्रोत्याची सुरुवातीलाच दमछाक होते. एकाच संगीताची इटालियन आणि इंग्रजी अशी दोन रूपं आहेत आणि त्यांची नावंही वेगळी. वर लाइव्ह रेकॉर्डिंग, निवडक गाण्यांचे संच, दुसऱ्याच गायकाच्या गाण्यांचे अल्बम. ॲपवर नाव टाकून पहिलं दिसेल ते लावलं तर 1980 च्या दशकातला साधासुधा पॉप-रॉक हाती लागू शकतो, आणि ‘एवढं काय आहे यात?’ असं म्हणून माणूस तिथूनच मागे फिरतो. या बँडवर माझा जीव आहे, म्हणून तसं होऊ नये असं वाटतं. काय आधी ऐकायचं, काय नंतर, कुठे रेंगाळायचं आणि काय खुशाल सोडून द्यायचं, ते इथे सांगतो.

रॉक संगीताची सवय नसली तरी बिघडत नाही. चालीवर प्रेम असलं की पुरे.

सुरुवातीआधी: ही माणसं कोण

पहिलं गाणं लावण्याआधी एक गोष्ट मनात पक्की करा. पीएफएमचे वादक मुळात साथीदार होते. 1960 च्या दशकात ‘क्वेल्ली’ या नावाने एकत्र वाजवणारी ही मंडळी मिलानच्या स्टुडिओंमध्ये दुसऱ्यांच्या गाण्यांना साथ करत. लुचो बात्तिस्ती, मीना, फाब्रित्सिओ दे आंद्रे अशा इटलीच्या पहिल्या फळीतल्या गायकांच्या रेकॉर्डिंगवर त्यांचा हात आहे. दे आंद्रेचा 1970 चा ‘ला बुओना नोव्हेला’ हा अल्बम क्वेल्लीच्याच साथीने झाला. हे लक्षात ठेवा, पुढे त्याचं काम पडणार आहे.

स्टुडिओत वर्षानुवर्षं साथ करणाऱ्याला दोन गोष्टी अंगवळणी पडतात. समोर ठेवलेलं अवघडातलं अवघड तो पटकन वाजवू शकतो, आणि गाणाऱ्याच्या आड कधी येऊ नये याचं भान त्याला असतं. प्रोग्रेसिव्ह रॉक हा प्रकार 1969 नंतर ब्रिटनमध्ये किंग क्रिमसन, येस, जेनेसिस यांनी फुलवला. तीन मिनिटांच्या गाण्याची चौकट मोडायची, पाश्चात्त्य अभिजात संगीत, जाझ आणि लोकसंगीत यांच्यातून रचना उचलायची आणि रॉकच्या वाद्यांवर ती उभी करायची, असा त्याचा खटाटोप. या प्रकारात पहिला गुण पुष्कळांकडे होता, दुसरा फार थोड्यांकडे. पीएफएमकडे दोन्ही होते, आणि त्यांचं वेगळेपण या दुसऱ्या गुणात आहे असं माझं ठाम मत आहे. ताल कितीही वेडावाकडा वळू दे, चाल हातातून सुटत नाही. ऐकताना हीच कसोटी लावत चला.

मूळ पाच जणांची ओळख करून घ्या, कारण कोण काय वाजवतंय हे कळलं की निम्मा गोंधळ संपतो. फ्रान्झ दी चोच्चो ड्रमवर. फ्रांको मुस्सीदा गिटारवर, आणि सुरुवातीच्या बऱ्याच गाण्यांत मुख्य आवाजही त्याचाच. फ्लाव्हिओ प्रेमोलीकडे पियानो, ऑर्गन, सिंथेसायझर, म्हणजे कळा असलेलं सगळं. जोर्जो पियाझ्झा बास गिटारवर. आणि शेवटी येऊन मिळालेला माउरो पागानी, व्हायोलिन आणि बासरी घेऊन. पागानी येईपर्यंत हा एक उत्तम वाद्यवृंद होता. त्याच्या येण्याने त्याला स्वतःचा रंग मिळाला. बँडचं लांबलचक नाव ब्रेशिया प्रांतातल्या किआरी गावच्या एका बेकरीवरून घेतलेलं आहे. 1971 मध्ये वियारेज्जो इथल्या नव्या संगीताच्या महोत्सवात त्यांनी ओसान्ना हा बँड आणि गायिका मिया मार्तिनी यांच्यासोबत पहिलं बक्षीस वाटून घेतलं. त्या काळात इटलीत येणाऱ्या येस, डीप पर्पल, प्रोकोल हॅरम यांच्या कार्यक्रमांत आधी मंचावर जाऊन ते वाजवत. परदेशी पाहुण्यांसाठी आलेल्या श्रोत्यांना बांधून ठेवायचं, ही तालीम त्यांना चांगलीच मानवली.

पहिली पायरी: एकच गाणं, तीनदा

‘इम्प्रेसिओनी दी सेत्तेंब्रे’ हे गाणं शोधा. 1971 मध्ये ते छोट्या तबकडीवर आलं आणि लगेच पुढच्या वर्षी पहिल्या अल्बमवर. आज दुसरं काही ऐकू नका.

पहिल्यांदा ऐकाल तेव्हा फक्त आवाजामागे जा. गिटारच्या तारा एकेक छेडत गाणं सुरू होतं. मुस्सीदाचा आवाज दबका, जवळजवळ स्वतःशीच बोलल्यासारखा. सप्टेंबरातली पहाट, शेतांवर धुकं, दवाने भिजलेलं गवत, आणि त्यातून चालणारा एक माणूस स्वतःला विचारतोय की या सगळ्यात मी कोण. बोलांमध्ये मोगोलचा हात आहे. मोगोल म्हणजे बात्तिस्तीची बहुतेक गाजलेली गाणी लिहिणारा गीतकार. इटालियन येत नसेल तर बोलांचा गोषवारा आधी वाचून घ्या, मग ओळ न् ओळ समजण्याची गरज उरत नाही.

दुसऱ्यांदा ऐकताना मुखड्याची वाट पाहा. आवाज चढत जातो, ड्रम भरतात, आता गायक मुखडा गाणार अशी खात्री होते, आणि नेमक्या त्या जागी शब्दच नाहीत. तिथे ‘मूग’ नावाच्या सिंथेसायझरवरची एक रुंद, मोठी सुरावट उघडते. त्या वेळी हे वाद्य इटलीत अगदी नवं होतं, आणि इटालियन गाण्यात इतक्या ठळकपणे ते वाजल्याची ही पहिल्या काही उदाहरणांपैकी एक. पण नवलाई हा मुद्दा दुय्यम आहे. गाण्यातल्या माणसाला त्याच्या प्रश्नाचं उत्तर शब्दांत सापडत नाही, म्हणून ते वाद्यातून येतं. रचनेचा इतका नेमका निर्णय पहिल्याच तबकडीवर घेणारे बँड विरळाच.

तिसऱ्यांदा फक्त दी चोच्चोकडे कान द्या. कडव्यांत तो जवळपास नसल्यासारखा असतो आणि मुखड्यात सगळा मंच उचलून धरतो. साथ म्हणजे काय, ते इथे कळतं.

दुसरी पायरी: पहिला अल्बम, अखंड

‘स्तोरिया दी उन मिनुतो’, 1972. मोगोल आणि बात्तिस्ती यांच्या ‘नुमेरो उनो’ या कंपनीने काढलेला. लांबी साधारण 35 मिनिटं. तेवढा वेळ काढा, मध्ये फोन घेऊ नका, गाणी उलटसुलट लावू नका. सुरुवातीचा छोटा तुकडा सरळ ‘इम्प्रेसिओनी’मध्ये मिसळतो, म्हणून ॲपवर गाणी आपोआप उलटसुलट लावणारं बटण आधी बंद करा.

तुम्हाला थांबवणारी पहिली जागा ‘ए फेस्ता’. दक्षिण इटलीच्या तारांतेल्ला नाचाचा पळता ठेका रॉकवर चढवलाय आणि वर सिंथेसायझरची अशी धून, की एकदा ऐकली की दिवसभर जात नाही. मध्येच सगळं शांत होतं, आणि परत जत्रा उसळते. पुढे पन्नास वर्षं त्यांचे कार्यक्रम याच गाण्याने रंगत आले. हे गाणं आवडलं नाही तर पीएफएम तुमच्यासाठी नाही, असं मात्र समजू नका, कारण लगेच पुढे येणारं ‘दोवे... क्वांदो...’ अगदी उलट स्वभावाचं आहे. त्याचा पहिला भाग गिटार, बासरी आणि हलका आवाज, एवढंच. दुसऱ्या भागात बोल संपतात आणि प्रेमोलीचा पियानो अभिजात संगीतातून जाझमध्ये कधी शिरतो ते कळतही नाही. मला स्वतःला हा दुसरा भाग संपूर्ण अल्बममध्ये सर्वांत प्रिय आहे.

‘ला कारोत्सा दी हान्स’ हे वियारेज्जोला बक्षीस मिळवून देणारं गाणं. पहिल्या भेटीत ते तुटक वाटेल: दणदणीत सुरुवात, मग एकट्या गिटारचा लांब तुकडा, मग पुन्हा वेगळंच काही. घाई करू नका. प्रोग्रेसिव्ह रॉक ऐकण्याची खरी शिकवणी इथे आहे. कोणता तुकडा परत येतो ते शोधा. परत येणारी जागा सापडली की उरलेले तुकडे त्याच्याभोवती आपोआप लागतात. शेवटचं ‘ग्रात्सिए दाव्वेरो’ मला इतरांहून कच्चं वाटतं.

हा अल्बम पाच-सहा वेळा ऐकून होईपर्यंत पुढे जाऊ नका.

तिसरी पायरी: ‘पेर उन आमिको’

हाही 1972 चाच, वर्ष संपता संपता आलेला. काही महिन्यांच्या अंतराने त्याच पाच जणांनी केलेला, आणि तरी किती पुढे गेलेला! स्टुडिओत आता 16 ट्रॅक, म्हणजे वाद्यं वेगवेगळी टिपण्याच्या 16 पट्ट्या, हाताशी होते, त्यामुळे वाद्यांचे थर एकमेकांवर नीट बसलेत. फक्त पाच रचना आहेत.

पहिली ‘आप्पेना उन पो’. गिटार आणि बासरी दरबारी थाटात बोलू लागतात, जुन्या युरोपीय राजवाड्यातल्या संगीतासारखी, आणि दोनेक मिनिटांनी मेलोट्रॉन येतो. मेलोट्रॉन हे कळ दाबली की टेपवर आधी टिपलेला व्हायोलिनचा किंवा गायनवृंदाचा आवाज वाजवणारं वाद्य. त्याच्या सुरात एक थरथर असते, खऱ्या वाद्यवृंदात ती सापडत नाही. पीएफएमने मेलोट्रॉन वापरताना कंजूषपणा केला नाही, आणि तो आला की गाण्याचं आभाळच मोठं होतं. ‘जेनेराले’ शब्दांविना आहे, सगळे एका दमात धावतात आणि मधूनच लष्करी संचलनाचा ठेका धरतात. मात्र सगळ्यांत जास्त वेळ द्या ‘इल बांकेत्तो’ला. महाराजांसमोर कवी, खुनी आणि धर्मगुरू असे सगळे निष्ठावान मित्र म्हणून अदबीने हजर आहेत, असं बोचरं चित्र बोलांत आहे. गिटारच्या साध्या सुरावटीवर सुरू झालेलं हे गाणं मध्ये बोल सोडून सिंथेसायझर आणि पियानो यांच्या लांब, विचित्र प्रदेशात जातं आणि मग परत घरी येतं. सत्तेच्या मेजवानीवर लिहिलेलं गाणं इतकं सुंदर असावं, यातच त्याची धार आहे.

चौथी पायरी: इंग्रजी अल्बम, पण नंतर

इथे नवा माणूस हमखास गोंधळतो, म्हणून घडलं काय ते समजून घ्या. 1972 च्या अखेरीस इमर्सन, लेक अँड पामरचा ग्रेग लेक आणि किंग क्रिमसनचा गीतकार पीट सिनफील्ड यांच्यापर्यंत पीएफएमचं संगीत पोचलं. लेकच्या बँडने ‘मँटिकोर’ ही स्वतःची कंपनी काढली होती, तिने पीएफएमला करारबद्ध केलं. मग लंडनमध्ये ‘पेर उन आमिको’वरची गाणी आणि ‘ए फेस्ता’ नव्याने बांधली गेली, सिनफील्डने त्यांना इंग्रजी बोल दिले, आणि 1973 मध्ये ‘फोटोज ऑफ घोस्ट्स’ आला. त्याच वर्षी ते इंग्लंडच्या रेडिंग महोत्सवात वाजले. अल्बम अमेरिकेत बिलबोर्डच्या खपाच्या यादीत पहिल्या 200 मध्ये शिरला, आणि इटालियन रॉक बँडसाठी त्या काळी ती फार मोठी मजल होती.

सिनफील्डचे बोल भाषांतर नाहीत, पूर्णपणे नवे आहेत. ‘ए फेस्ता’चं ‘सेलिब्रेशन’ झालं, ‘जेनेराले’चं ‘मिस्टर नाइन टिल फाइव्ह’, ‘आप्पेना उन पो’चं ‘रिव्हर ऑफ लाइफ’. ‘इल बांकेत्तो’ मात्र इटालियनमध्येच ठेवलं. ‘ओल्ड रेन’ ही छोटी, शांत, बिनशब्दांची रचना या अल्बमखेरीज मिळत नाही, आणि ती चुकवू नका.

माझा सल्ला स्पष्ट आहे: आधी इटालियन, मग इंग्रजी. ध्वनिमुद्रण इंग्रजी अल्बमवर काही ठिकाणी जास्त स्वच्छ आहे, हे मान्य. पण इटालियन शब्द स्वरांवर संपतात, सूर लांबवायला गायकाला जागा मिळते, आणि या चाली त्या जागेसाठीच बांधल्यात. इंग्रजी शब्द व्यंजनांवर आपटून थांबतात. ‘आप्पेना उन पो’ आणि ‘रिव्हर ऑफ लाइफ’ लागोपाठ लावा, मी काय म्हणतोय ते दोन मिनिटांत कानाला कळेल.

1974 मध्ये हाच खेळ पुन्हा झाला. इटलीसाठी ‘लीझोला दी निएन्ते’, बाहेरच्या जगासाठी ‘द वर्ल्ड बिकेम द वर्ल्ड’. या इंग्रजी अल्बमच्याच नावाचं गाणं म्हणजे तेच ‘इम्प्रेसिओनी’, इंग्रजी कपड्यांत. दरम्यान पियाझ्झा जाऊन बासवर पात्रिक जिवास आला होता, तो मिलानच्याच ‘आरेआ’ या बँडमधून. इटालियन आवृत्ती घ्या. भल्या मोठ्या गायनवृंदाच्या सुरांनी तो उघडतो आणि गिटार त्याला कापत आत घुसते. हा आधीच्या दोन अल्बमपेक्षा काळोखा आहे. ‘दोल्चिस्सिमा मारिया’ हे त्यातलं कोवळं, छोटं गाणं, आणि जिवासची ओळख करून घ्यायची तर ‘व्हिया ल्युमिएर’ची सुरुवात ऐका.

पाचवी पायरी: मंचावरचे पीएफएम

ऑगस्ट 1974 मध्ये टोरोंटोत आणि न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये केलेल्या रेकॉर्डिंगचा अल्बम इटलीत ‘लाइव्ह इन यूएसए’ आणि इतरत्र ‘कुक’ या नावाने आला. दोन्ही एकच आहेत, दोनदा पैसे घालवू नका. स्टुडिओत मोजूनमापून वाजवणारी ही माणसं इथे मोकाट सुटतात. शेवटच्या लांब रचनेत मुस्सीदाची गिटार आणि पागानीचं व्हायोलिन यांची चढाओढ चालू असताना अचानक रोस्सीनीच्या ‘विल्यम टेल’ या ऑपेरातली घोडदौडीची धून सुरू होते, आणि अमेरिकन श्रोते वेडे होतात. पाचवी पायरी म्हणून मुद्दाम ठेवलंय, कारण मूळ गाणी पाठ असली की लाइव्हमधली गंमत दुप्पट होते.

यानंतर ‘चॉकलेट किंग्ज’. पूर्ण इंग्रजीतला हा अल्बम. वेष्टनावर अमेरिकेच्या झेंड्यात गुंडाळलेलं चॉकलेट होतं, बोलांत अमेरिकेवर टीका, आणि बँडची बाजारपेठही अमेरिकाच. तिकडे तो चालला नाही यात आश्चर्य नाही. नवा गायक बर्नार्दो लान्झेत्ती ‘आक्वा फ्राजिले’ या बँडमधून आला होता. त्याचा घोगरा, कापरा आवाज काहींना भावतो, काहींना मुळीच नाही. वादन मात्र त्यांच्या सर्वांत धारदार वादनांपैकी. 1977 चा ‘जेट लॅग’ जाझकडे झुकलेला. पागानी तोवर बाहेर पडला होता आणि व्हायोलिनवर ग्रेगरी ब्लॉक हा अमेरिकन वादक होता. कसब भरपूर, पण मला त्यात चाल हरवलेली वाटते. जाझ आवडत असेल तर जरूर ऐका, नसेल तर पुढे चला, काही अडत नाही.

सहावी पायरी: दे आंद्रेसोबत

सगळ्यांत जास्त वेळ इथे द्या. बाहेरच्या देशांतले प्रोग्रेसिव्ह रॉकचे चाहते हा टप्पा बहुतेक वेळा गाळतात, कारण त्यांच्या लेखी हा प्रोग्रेसिव्ह रॉक नव्हेच. इटलीत मात्र ज्या घरांत ‘पेर उन आमिको’ कधी वाजला नाही, त्या घरांतही हे दोन अल्बम माहीत असतात.

फाब्रित्सिओ दे आंद्रे हा जेनोआचा कवी-गायक, 1940 चा जन्म. वेश्या, चोर, सैनिक, बंडखोर, समाजाने कडेला टाकलेली माणसं ही त्याच्या गाण्यांची माणसं. गिटार आणि खोल, सावकाश आवाज एवढ्यावर त्याची गाणी चालत. मंचाची त्याला धास्ती होती, 1975 पर्यंत त्याने जाहीर कार्यक्रम टाळलेच होते. 1978 मध्ये पीएफएमने त्याच्यापुढे एकत्र दौरा करण्याची कल्पना ठेवली. कवितेसारखी ऐकली जाणारी गाणी आणि रॉक बँड! अनेकांनी त्याला परावृत्त केलं, तरी तो तयार झाला.

काळही सोपा नव्हता. त्याच वर्षी माजी पंतप्रधान आल्दो मोरो यांचं अपहरण होऊन खून झाला होता. कार्यक्रमांत राजकीय गट घुसून गोंधळ घालत. 1977 मध्ये मिलानला सांतानाच्या कार्यक्रमात पेटत्या बाटल्या फेकल्या गेल्यावर परदेशी बँड इटलीकडे फिरकेनासे झाले होते. अशा दिवसांत डिसेंबर 1978 ते जानेवारी 1979 हा दौरा गावोगावी फिरला. फ्लॉरेन्स आणि बोलोन्या इथल्या रेकॉर्डिंगवरून दोन अल्बम निघाले, पहिला 1979 मध्ये, दुसरा 1980 मध्ये.

ऐकण्याची पद्धत अशी ठेवा. आधी दे आंद्रेचं मूळ गाणं, लगेच पीएफएमचं रूप. ‘इल पेस्कातोरे’पासून सुरू करा. किनाऱ्यावर झोपलेल्या म्हाताऱ्या कोळ्याकडे एक खुनी भाकर आणि दारू मागतो, कोळी काही न विचारता देतो, आणि मागून शिपाई येतात तेव्हा तो पुन्हा डोळे मिटून पडलेला असतो. 1970 च्या मूळ रेकॉर्डिंगवर हे गाणं शांत आहे. पीएफएमने त्याला असा ठेका दिला की सगळं सभागृह टाळ्यांनी साथ देऊ लागलं. गोष्टीचं गांभीर्य तिळभर कमी झालं नाही, आणि आज इटलीत कोणीही हे गाणं म्हणतं ते बहुधा याच रूपात. मग ‘बोक्का दी रोझा’, मग ‘ला गुएर्रा दी पिएरो’. ही दुसरी समोरच्या सैनिकावर गोळी झाडताना क्षणभर अडखळलेल्या आणि त्यापायी मेलेल्या शिपायाची गोष्ट. बोल ऐकू येतील एवढी जागा प्रत्येक वाद्याने कशी सोडलीय, तिकडे लक्ष द्या.

शेवटी ‘आमिको फ्राजिले’. दे आंद्रेचं हे अतिशय खाजगी, अवघड, गुंतागुंतीचं गाणं. कवी आपलं म्हणणं संपवतो आणि मुस्सीदाची गिटार ते पुढे नेते. यात कौशल्य दाखवण्यासाठी एकही सूर वाजलेला नाही. सुरुवातीला साथीदार आणि त्यांचं भान म्हणालो ते इथे पूर्ण होतं. आठ-नऊ वर्षांपूर्वी ज्याच्या मागे बसून वाजवलं, त्याच्याच गाण्यांना या लोकांनी नवं आयुष्य दिलं. या मांडण्या पुढे दे आंद्रेने स्वतःच्या कार्यक्रमांतही वापरल्या.

डोळ्यांनी पाहायचं असेल तर जेनोआत 3 जानेवारी 1979 रोजी झालेल्या कार्यक्रमाचं चित्रीकरण आहे. कित्येक दशकं ते हरवल्यातच जमा होतं. सापडल्यावर वाल्तेर व्हेल्त्रोनी यांनी त्यावर माहितीपट केला, तो 2020 मध्ये आला.

त्यानंतरचं थोडक्यात

1980 च्या ‘सुओनारे सुओनारे’पासून दी चोच्चो मुख्य गायक झाला आणि बँड सरळ इटालियन रॉककडे वळला. गाणी प्रामाणिक आहेत, पण नवख्याने ती शेवटी ठेवावीत. 1987 च्या ‘मिस बेकर’नंतर दहा वर्षं शांतता, मग 1997 मध्ये ‘उलिस्से’ घेऊन पुनरागमन. नंतरच्यांपैकी दोन निवडतो. ‘स्ताती दी इम्माजिनात्सिओने’ (2006) पूर्ण बिनशब्दांचा, चित्रफितींसोबत वाजवायला बांधलेला. जुन्या पीएफएमचा श्वास त्यात परत ऐकू येतो. आणि 2021 चा ‘हो सोन्यातो पेकोरे एलेत्त्रिके’, ज्यावर जेथ्रो टलचा इयन अँडरसन आणि एके काळचा जेनेसिसचा स्टीव्ह हॅकेट पाहुणे म्हणून आहेत. मुस्सीदा 2015 मध्ये बाहेर पडला. मिलानमध्ये त्याने उभारलेल्या संगीतशाळेत तो शिकवतो, आणि माझ्या मते त्या शाळेचीही गणना बँडच्या वारशात करायला हवी.

शोधताना आणि विकत घेताना

नाव पूर्ण आणि आद्याक्षरांनी, असं दोन्ही प्रकारे शोधा. ॲपवर एकाच बँडची दोन वेगळी पानं सापडू शकतात. ‘निवडक’ किंवा ‘सर्वोत्तम’ असं लिहिलेले संच सुरुवातीला टाळा, त्यांत 1972 ची आणि 1984 ची गाणी शेजारी बसवलेली असतात आणि कान भरकटतो. गाण्याचं वर्ष तपासा: ‘इम्प्रेसिओनी’ची नंतरची लाइव्ह रूपं डझनावारी आहेत, पहिल्यांदा ऐकायचं ते 1972 च्या अल्बमवरचंच. तबकडी घेणार असाल तर जुन्या छापापेक्षा नव्याने काढलेली स्वच्छ प्रत घ्या. जुन्या छापांच्या किमती संग्राहकांमुळे चढलेल्या असतात, ऐकण्यासाठी त्याचा काही उपयोग नाही.

शेजारपाजार

पीएफएम रुजले की त्यांचे समकालीन हाताशी घ्या. ताकदीचा, ऑपेराच्या वळणाचा आवाज हवा असेल तर रोमच्या ‘बांको देल मूतुओ सोक्कोर्सो’चा ‘दार्विन!’ (1972). कीबोर्डवर बांधलेली एक अखंड कहाणी हवी तर ‘ले ओर्मे’चा ‘फेलोना ए सोरोना’ (1973). राजकारण, बाल्कन ताल आणि मानवी गळा कुठवर जाऊ शकतो याचा अनुभव हवा तर जिवासचा आधीचा बँड ‘आरेआ’. त्याचा गायक देमेत्रिओ स्त्रातोस 1979 मध्ये ऐन उमेदीत गेला.

दे आंद्रेच्या पायरीवर ज्यांचा जीव रमला, त्यांच्यासाठी वाट वेगळी आहे. पीएफएम सोडल्यावर माउरो पागानी भूमध्य समुद्राभोवतालच्या देशांतली वाद्यं शिकत बसला, आणि 1984 मध्ये त्याने दे आंद्रेसोबत ‘क्रेउझा दे मा’ केला, जेनोआच्या बोलीत, खलाशांच्या आणि बंदरांच्या जगाबद्दल. इलेक्ट्रिक गिटारची जागा तिथे ऊद आणि बूझूकी या तंतुवाद्यांनी घेतलीय. ही बोली बहुतेक इटालियनांनाही समजत नाही, तेव्हा भाषेची चिंता न करता तो लावा.